वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे : 'पाणी' या विषयावरची रविवारची उपासना

सप्टेंबर महिन्यातील एका रविवारी पुण्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीने 'पाणी' हा विषय घेऊन उपासना केली आणि आशीर्वचनानंतर बरेच लोक घरी न जाता तिच्याविषयी बोलण्यासाठी मागे थांबले. त्याचा थोडक्यात वृत्तान्त गेल्या अंकात मी दिला होता. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३४ वा अध्याय, १०४ वे स्तोत्र आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा ४ था अध्याय ही वाचने, पापांगीकारात मुळा-मुठेचा उल्लेख, बाप्तिस्म्याच्या पात्राशेजारी ठेवलेली पाण्याने भरलेली घागर आणि शेवटी झालेले सामुदायिक मनन, असा तो तपशील होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेत आहे. काही पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आली होती. तेथे एकच पत्र छापले आहे.

कोथरूड येथील एक वाचक : पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. रविवार हा प्रभूचा दिवस आहे. त्या दिवशी नेमलेले शास्त्रपाठ वाचावेत, त्यांवर संदेश व्हावा आणि देवाची स्तुती व्हावी. पाणी, पर्यावरण, महिला, युवक असे विषय लावले की उपासनेचे व्याख्यान होते, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा विषयवार रविवारांना पवित्र शास्त्राचा काही आधार आहे काय?

उत्तर : तुमच्या पत्रातील काळजी खरी आहे आणि ती प्रत्येक पाळकाने मनावर घ्यावी अशी आहे. विषय आधी ठरतो, त्याला साजेसे एखादे वचन नंतर शोधले जाते, आणि मग संदेशात त्या वचनाचा उच्चार फक्त सुरुवातीला होतो. असे घडते तेव्हा मंडळी उपाशी घरी जाते. तरीही विषय घेणे मुळातच शास्त्राबाहेरचे आहे, असे मला म्हणता येत नाही. योहानाच्या ७ व्या अध्यायातील, यहूद्यांच्या मंडपांच्या सणाचा प्रसंग पाहा. त्या सणाच्या दिवसांत शिलोहच्या तळ्यातून पाणी आणून ते मंदिरातील वेदीवर ओतण्याची रीत होती. पावसाळा तोंडावर आलेला असे आणि पावसासाठी प्रार्थना होत असे. सगळे यरुशलेम पाण्याचा विचार करीत असताना, सणाच्या शेवटच्या महत्त्वाच्या दिवशी येशू उभा राहिला आणि कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावे व प्यावे, असे मोठ्याने म्हणाला. लोकांच्या मनात त्या आठवड्यात जे होते तेच त्याने हाती घेतले आणि त्यातून त्यांना स्वतःकडे बोलावले. विषयवार उपासनेचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

आपले ख्रिस्ती वर्षदेखील विषयांनीच विणलेले आहे. आगमनकाळात आपण प्रतीक्षा शिकतो, उपवासकाळात पश्चात्ताप, पुनरुत्थानाच्या काळात आनंद. कापणीच्या सणाला खेड्यातल्या आपल्या मंडळ्या धान्य, भाजीपाला, अंडी, कोंबड्या वेदीपुढे आणतात आणि नंतर मंदिराच्या अंगणात त्यांचा लिलाव होतो. त्या उपासनेला कोणी व्याख्यान म्हणत नाही, कारण तेथे देवाच्या दानाबद्दलची कृतज्ञता प्रत्यक्ष हातात धरलेली असते. सप्टेंबरच्या १ तारखेपासून ऑक्टोबरच्या ४ तारखेपर्यंत जगातील अनेक मंडळ्या सृष्टीसाठी जो काळ पाळतात, त्याची सुरुवात १९८९ साली झाली. त्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स कुलगुरूंनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस. आमचा रविवार याच काळात बसवलेला होता.

तुमच्या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट असावी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा सहा परंपरा एकत्र आल्या. काही घराण्यांना छापील उपासनाविधी आणि नेमलेली वाचने यांचे वळण होते, काहींना मोकळ्या प्रार्थनेचे आणि पाळकाने निवडलेल्या वचनाचे. आजही एकाच बाकावर या दोन्ही वळणांची माणसे शेजारी बसतात, आणि एकाला जे शिस्तीचे वाटते ते दुसऱ्याला कोरडे वाटते. म्हणून आमच्याकडे आम्ही एक नियम ठेवला आहे. निवडलेल्या वाचनांपैकी एक तरी असे असावे की जे विषयालाच अडवील, ज्याच्यामुळे आपण ठरवून आणलेले विचार बदलावे लागतील. या वेळी ते काम यहेज्केलच्या ३४ व्या अध्यायाने केले.

हडपसर येथील एक वाचक : मी गेली अनेक वर्षे नेमाने उपासनेला जातो. पापांगीकारात 'आम्ही नद्या मलिन केल्या' असे वाक्य म्हणावे लागले, असे तुमच्या वृत्तान्तात वाचले. मी नदीत कधी काही टाकले नाही. जे पाप मी केले नाही त्याची कबुली मी का द्यावी? नदी स्वच्छ ठेवणे हे महानगरपालिकेचे काम आहे. ते मंडळीच्या गळ्यात का घालता?

उत्तर : हा प्रश्न मननाच्या वेळीही जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला होता आणि त्यावर सर्वांत अधिक बोलणे झाले. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

यहेज्केलच्या त्या अध्यायाच्या पहिल्या भागात देव मेंढपाळांना, म्हणजे सत्ताधाऱ्यांना, जाब विचारतो. महानगरपालिकेबद्दल तुम्ही जे लिहिता त्याला या भागात पुरेपूर आधार आहे; ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांना देव सोडत नाही. परंतु १७ व्या वचनापासून तो कळपाकडे वळतो आणि मेंढरामेंढरांमध्ये न्याय करू लागतो. त्याचा प्रश्न असा आहे की तुम्ही स्वच्छ पाणी प्यालात, ते पुरेसे झाले नाही काय, म्हणून उरलेले पाणी पायांनी गढूळ करता? माझ्या मेंढरांनी तुम्ही गढूळ केलेले पाणी प्यावे काय? येथे कोणी विष कालवलेले नाही, कोणी मुद्दाम वैर केलेले नाही. धष्टपुष्ट मेंढरे आधी पोहोचली, पोटभर प्याली आणि पुढे चालती झाली, एवढेच घडले आहे. मागून येणाऱ्यांकडे त्यांनी पाहिले नाही, हाच त्यांच्यावरचा आरोप आहे.

आता पुण्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचे पाणी आपल्या घरी येते. ते आपण वापरतो, आणि आपल्या मोरीतून व संडासातून गेलेल्या सांडपाण्याचा काही भाग शुद्ध न होताच मुठेत उतरतो. दापोडीजवळ पवनेला पोटात घेतलेली मुळा संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते, आणि भीमा दौंड, इंदापूर करीत उजनीच्या जलाशयात जाते. त्या जलाशयावर सोलापूर शहर तहान भागवते. तीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे आपण वापरून सोडलेले पाणी शेवटी कोणाच्या तरी घागरीत जाते. तुम्ही नदीत काही टाकले नाही हे मी पूर्णपणे मानतो. तरी तुमच्या आणि माझ्या घरातून नदीकडे जाणारी वाट रोज सुरू असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोण राहते याची आपण चौकशी केलेली नसते. मेंढरांच्या त्या वचनाचा बोट दाखवण्याचा रोख नेमका येथे आहे.

मननाच्या वेळी एक बाई उठल्या. त्यांचे माहेर सोलापूरचे. तेथे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि ते आले की घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवावे लागते, हे त्यांनी सांगितले. माहेरी गेल्यावर वहिनी 'तुमच्या पुण्याचे पाणी' असे म्हणते तेव्हा आपण आजवर हसून सोडून देत होतो, परंतु त्या दिवशी पापांगीकाराच्या वेळी वहिनीचा चेहरा समोर आला आणि पुढचे शब्द म्हणता आले नाहीत, असेही त्या म्हणाल्या. त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. माझ्या संदेशाने जे समजावता आले नसते ते त्या बहिणीच्या चार वाक्यांनी मंडळीला समजले.

न केलेल्या पापाची कबुली का द्यावी, या तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. पवित्र शास्त्रातील नहेम्या यरुशलेमेपासून दूर, पारसच्या राजाच्या शूशन राजवाड्यात होता. यरुशलेमेच्या पडक्या तटाशी त्याचा वैयक्तिक दोष काही नव्हता. तरी त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तो मी व माझ्या बापाच्या घराण्याने पाप केले आहे, असे म्हणतो. दानीएलाच्या ९ व्या अध्यायातील प्रार्थनाही 'आम्ही' म्हणूनच आहे, आणि दानीएलाच्या सचोटीबद्दल त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण बंद खोलीत एकट्याने म्हटली तरी तिच्यात 'आम्ही' हाच शब्द असतो. सामुदायिक पापांगीकारात तुम्ही स्वतःवर खोटा आळ घेत नाही. ज्या शहराचे पाणी तुम्ही पिता त्या शहराच्या वतीने तुम्ही देवापुढे उभे राहता. याजकीय लोक म्हणून आपल्याला जे पाचारण आहे, त्यात हे काम येते असे मी मानतो. एक मात्र तुमच्या पत्रामुळे स्पष्टपणे सांगावेसे वाटते. अशा पापांगीकारानंतर क्षमेची घोषणा नेहमीपेक्षा ठळकपणे आणि थांबून व्हायला हवी. लोकांना केवळ ओझे देऊन दाराबाहेर पाठवणे हे शुभवर्तमान नव्हे.

येरवडा येथील एक तरुण वाचक : उपासनेनंतर मंडळीने बसून मनन करणे ही कल्पना आम्हां तरुणांना आवडली, परंतु मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचांना ती रुचत नाही. पाळकाच्या संदेशावर लोकांनी मते देऊ लागणे बरे नव्हे, असे ते म्हणतात. तुमच्याकडे हे मनन कसे झाले?

उत्तर : तुमच्या पंचांना माझा सलाम सांगा आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ हे वचन त्यांच्याबरोबर बसून वाचा. बिरुया येथील लोकांनी पौलाचे वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारले आणि या गोष्टी अशाच आहेत की काय, याविषयी दररोज शास्त्रात शोध केला. त्या पुस्तकाचा लेखक लूक त्यांची स्तुती करतो. पौलाने ज्याला हरकत घेतली नाही त्याला आपण घेऊ नये. मात्र मनन म्हणजे संदेशाला गुण देण्याची बैठक नव्हे, हे पंचांचे म्हणणे मलाही पटते. 'संदेश छान झाला' किंवा 'लांबला' अशा बोलण्याने कोणाचेच हित होत नाही.

आम्ही सुरुवातीलाच सांगितले की पाळक शेवटपर्यंत बोलणार नाहीत. मग विचारले की आजच्या वाचनातील कोणता शब्द तुमच्याबरोबर राहिला, आणि उपासनेत कोठे तुम्हांला मनापासून 'आमेन' म्हणता आले नाही. हा दुसरा प्रश्न धाडसाचा आहे, पण सगळे मोलाचे बोलणे त्यातूनच निघाले. वयाची ऐंशी ओलांडलेले एक आजोबा म्हणाले की १०४ व्या स्तोत्रातील झरे आणि ओढे ऐकताना त्यांना आनंद झाला नाही, कारण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते पुण्यात होते. पाणी हा शब्द त्यांच्या कानांवर आधी त्या दिवसाचा लोंढा घेऊन येतो. त्यांनी ६९ वे स्तोत्र वाचावे अशी विनंती केली, ज्यात पाणी गळ्याशी आल्याचा आक्रोश आहे. ते आम्ही तेथल्या तेथे वाचले. नदीकाठच्या वस्तीत राहणारी, धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की सामान वर उचलून ठेवणारी कुटुंबेही आमच्या मंडळीत आहेत. त्यांच्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना त्या स्तोत्रानंतरच खऱ्या अर्थाने झाली.

योहानाच्या ४ थ्या अध्यायात याकोबाच्या विहिरीवर येशू एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो; त्या वाचनाबद्दल जे झाले ते तर मी कधी विसरणार नाही. या अध्यायावरील संदेशांत तिच्या पाच नवऱ्यांची चर्चा पुष्कळ होते. आमच्या मंडळीतील एक वृद्ध आजी म्हणाल्या, 'त्या बाईचं मला पहिल्यापासून एकच दिसतं, की तिच्या हातचं पाणी कोणी मागितलं.' त्यांच्या सासूच्या लहानपणी गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती. वरच्या जातीची कोणी बाई येईपर्यंत काठाशी उभे राहायचे आणि तिने दुरून ओतले तर घागर भरायची. यहूदी लोक शोमरोन्यांबरोबर व्यवहार ठेवत नाहीत, हे योहान तेथे सांगतो. त्या वाक्याचा अर्थ आमच्या आजींना कोणा भाष्यकाराकडून शिकावा लागला नाही. ज्या पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, आणि ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंसह प्राशन केले, तेथे हा अध्याय वाचताना याकोबाच्या विहिरीवरचा तहानलेला प्रभू कोणाकडे पाणी मागत होता हे मंडळीने एकमेकांना सांगायला हवे. पंचांना हे सांगा की त्या दिवशी कोणी संदेशावर मत दिले नाही. वचन ऐकून जे आठवले ते त्यांनी मंडळीच्या स्वाधीन केले.

खडकी येथील एक भगिनी : आमचे महिला मंडळ अशा रविवारी सजावट करते. निळे कापड, कागदी मासे, रंगवलेल्या मडक्या यांत दोन-तीन संध्याकाळी जातात. हे योग्य आहे काय?

उत्तर : ताई, तुम्हां भगिनींची मेहनत प्रभू पाहतो. माझे मत एवढेच आहे की खुणा थोड्या असाव्यात आणि त्यांच्याकडून उपासनेत काही काम व्हावे. आम्ही एकच घागर ठेवली. संडे स्कूलच्या मुलांनी ती नळावर भरून आणली, तिच्यातील पाणी बाप्तिस्म्याच्या पात्रात ओतले, आणि मंडळीने आपल्या बाप्तिस्म्याची आठवण केली. कागदी मासे मुलांना हवेच असतील तर तेही असू द्यात, पण ते मुलांनी करावेत. तुमच्या त्या संध्याकाळी वाचने आधी एकत्र वाचण्यासाठी अधिक उपयोगी पडतील.

पिंपरी येथील एक गायक : विषयाला धरून गीते सापडत नाहीत, म्हणून आम्ही हिंदी आणि इंग्रजी गीते घेतो. वडीलधाऱ्यांना ती येत नाहीत. काय करावे?

उत्तर : प्रत्येक गीतात 'पाणी' हा शब्द असलाच पाहिजे, हा आग्रह आधी सोडा. स्तुती, पापांगीकार, अर्पण आणि प्रभुभोजन यांची गीते आपापल्या जागी नेहमीचीच असावीत. एखाद-दुसरे गीत विषयाचे असले की पुरे. आणि तुम्ही समजता तितकी आपली मराठी गीतपरंपरा तोकडी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी (१८६१–१९१९) अभंगाचा छंद आणि भजनाची चाल ख्रिस्ती उपासनेत आणली ती आपल्या लोकांना आपल्या भाषेत देवाशी बोलता यावे म्हणून. टाळ-मृदंगावर म्हटलेला अभंग आजोबांनाही येतो आणि नातवालाही दोन कडव्यांत उचलता येतो. स्तोत्रे चालीवर म्हणण्याचाही प्रयत्न करा. आमच्या गायकवृंदाने ४२ वे स्तोत्र, हरिणीच्या तहानेचे, एकाने म्हणायचे आणि मंडळीने ध्रुवपद धरायचे अशा रीतीने बसवले. पहिल्यांदा ते डळमळीत झाले, पण लोक गायले. इंग्रजी किंवा हिंदी गीताला माझी हरकत नाही. अर्धी मंडळी तोंड मिटून उभी राहते तेव्हा मात्र ते गीत मंडळीचे राहत नाही.

वडगाव शेरी येथील एक पंच : वर्षात असे किती विषयवार रविवार घ्यावेत? आमच्याकडे महिला, युवक, संडे स्कूल, बायबल, कुटुंब असे इतके रविवार झाले आहेत की नेमलेली वाचने मागेच पडतात. आणि 'पाणी' रविवारानंतर तुमच्या मंडळीने पुढे काय केले?

उत्तर : आगमनकाळ आणि उपवासकाळ यांना हात लावू नये, ही पहिली मर्यादा. राहिलेल्या वर्षात तीन-चार विषय पुष्कळ झाले. महिला आणि युवक यांना एकेक रविवार देऊन वर्षभर बाजूला ठेवण्यापेक्षा दर रविवारी शास्त्रपाठ आणि मध्यस्थीची प्रार्थना त्यांच्याकडे असावी, असे मला फार मनापासून वाटते. पुष्कळ रविवारांना केवळ नाव देऊन आपण ज्या कामातून सुटका करून घेतो, ते काम त्यामुळे नियमित होईल.

पुढे काय केले, हे विचारलेत ते बरे झाले. मंदिराच्या आवारातील सांडपाण्याची वाहिनी नेमकी कोठे जाते हे आमच्या पंचांनी शोधायला घेतले आहे आणि त्यासाठी महानगरपालिकेच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. गळके नळ तरुण संघाने बदलले. मध्यस्थीच्या प्रार्थनेत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दौंड, इंदापूर आणि सोलापूर येथील मंडळ्यांची व गावांची नावे घेऊन प्रार्थना होते, आणि सोलापूरच्या त्या बहिणीच्या सूचनेवरून तेथील एका मंडळीला आम्ही पत्र लिहिले आहे की पुढच्या सप्टेंबरमध्ये त्यांच्यापैकी कोणी पुण्यास येऊन यहेज्केलचा ३४ वा अध्याय आमच्यापुढे वाचावा. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.